कोणाची, कुठली, काय येतं

आपल्या समाजात 'बायोडेटा' म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो तो लग्नाचा कागद. वर णमोकार मंत्र, कोपऱ्यात मुलीचा फोटो. मग नाव, जन्मवेळ, रास, उंची, वर्ण, गोत्र, पोटजात, वडिलांचा व्यवसाय, भाऊ किती, मामाचं गाव कुठलं. शिक्षण असतं, पण एका ओळीत. परिचय संमेलनाच्या पुस्तिकेत शेकड्यांनी असे कागद छापलेले असतात. वाचणाऱ्याला त्यातून जे हवं ते दोन मिनिटांत सापडतं, म्हणून त्या कामापुरता तो कागद चांगलाच म्हणायला हवा.

अडचण पुढे होते. तीच मुलगी नोकरी शोधायला निघते तेव्हा तोच कागद थोडा फिरवून पाठवते. रास आणि मामाचं गाव काढते, पण वडिलांचा व्यवसाय, उंची, 'अविवाहित', 'धर्म : जैन' हे सगळं तसंच ठेवते. आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगु आणि आसपासच्या गावांतल्या मुलींचे, सुनांचे असे कागद मी पाहत आले आहे. शिकलेल्या मुली, चार भाषा बोलणाऱ्या, घरच्या दुकानाचा हिशेब तोंडपाठ असलेल्या. आणि कागदावर मात्र त्या कोणाच्या आणि कुठल्या एवढंच कळतं. त्यांना काय येतं, हे शोधूनही सापडत नाही.

याला त्यांचा आळस म्हणणं सोपं आहे. पण आपल्या या मुलखात हजार वर्षं बाईला कागदावर, त्याआधी दगडावर, कोणते प्रश्न विचारले गेले ते पाहिलं, तर त्या मुली असं का लिहितात ते उमगतं. म्हणून हा सगळा इतिहास.

तलमडुगूच्या दक्षिणेला, करीमनगर जिल्ह्यात कुरिक्याल नावाचं गाव आहे. तिथल्या बोम्मलगुट्टा टेकडीवर चक्रेश्वरी आणि जिनमूर्ती कोरलेल्या आहेत आणि त्यांच्यापाशी दहाव्या शतकातला एक शिलालेख आहे. संस्कृत, कन्नड आणि तेलुगू, अशा तिन्ही भाषांत. हा लेख कोरवला जिनवल्लभाने. कन्नडचा आदिकवी पंप याचा हा भाऊ. वेमुलवाड्याच्या चालुक्यांच्या पदरी पंप होता आणि राजा अरिकेसरीने त्याला धर्मपूर हे गाव दिलं. लेखात दोघा भावांचं गोत्र आहे, मूळ गाव आहे, आजोबांचं नाव आहे, वडील भीमप्पय्यांचं नाव आहे. पंपाची कवी म्हणून थोरवी आहे. जिनवल्लभाने काय काय बांधलं तेही आहे : बसदी, तलाव, बाग. आजच्या भाषेत सांगायचं तर तो दोन भावांचा परिचयपत्रच आहे, आणि चांगला भरलेला.

त्यात आईचंही नाव आहे, हे महत्त्वाचं. अब्बणब्बे. पण ती कोण? अण्णिगेरीच्या सिंग जोशांची नात. एवढंच. दोन अशी मुलं जिने वाढवली, तिला काय येत होतं, तिने काय केलं, हा प्रश्न लेखाला पडलेला नाही. तिची ओळख आजोबांवरून आणि गावावरून पुरी होते.

याच घराण्याचा परभणीला सापडलेला ताम्रपट आहे, शके 888 चा, म्हणजे इसवी सन 966 चा. त्यात आचार्य सोमदेवांना वेमुलवाड्याच्या शुभधाम जिनालयासाठी दान दिल्याची नोंद आहे. दान घेणाऱ्याची ओळख कशी दिली आहे पाहा. आधी गुरुपरंपरा : यशोदेव, त्यांचे शिष्य नेमिदेव, त्यांचे शिष्य सोमदेव. आणि मग लगेच, यांनी कोणकोणते ग्रंथ रचले ते. आपण आज 'शिक्षण' आणि 'काम' असे दोन भाग करतो, तेच हे. पुरुषाच्या बाबतीत 'कोणाचा' याच्या जोडीला 'काय केलं' हे हजार वर्षांपूर्वीही कोरलं जात होतं.

बाईच्या बाबतीत कधीच होत नव्हतं असं मात्र नाही. त्याच शतकात अत्तिमब्बे होऊन गेली. तीही कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी बायको. नवरा नागदेव गेल्यावर धाकटी बहीण गुंडमब्बे सती गेली. अत्तिमब्बे मागे राहिली आणि पुढची सगळी वर्षं तिने धर्मकार्यात घातली. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती तिने लिहवून घेऊन वाटल्या. छापखाना नव्हता, एकेक प्रत हाताने ताडपत्रावर उतरवायची होती, त्या काळातली ही गोष्ट. दीड हजार जिनमूर्ती करवल्या असं परंपरा सांगते. रन्न कवीने 993 मध्ये पूर्ण केलेलं अजितपुराण तिच्याच आश्रयाने लिहिलं. लक्कुंडीला तिने बसदी बांधली, तिथे 1007 चा लेख आहे. 'दानचिंतामणी' ही तिची पदवी.

आता सांगा, अब्बणब्बे आणि अत्तिमब्बे या दोघींपैकी कोणती आपल्या लक्षात राहते? अत्तिमब्बेच. आणि ती राहते एका आकड्यामुळे. 'ग्रंथांवर फार प्रेम होतं' असं कोणी लिहिलं असतं तर आपण विसरलो असतो. 'एक हजार प्रती' म्हटल्यावर किती लेखनिक लागले असतील, किती ताडपत्र, किती पैसा, हे आपोआप मनात येतं. नोकरीचा कागद लिहिणाऱ्या प्रत्येकीने एवढी एक गोष्ट अत्तिमब्बेकडून घ्यावी. केलेलं काम सांगा, आणि मोजून सांगा.

निजामाच्या राज्यात प्रश्न बदलला. 'कोणाची'च्या जागी 'कुठली' आलं.

आदिलाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा कारभार आधी फारसीत चाले, 1880 च्या दशकात उर्दू आली. नोकरीसाठी करायचा कागद म्हणजे दरखास्त. आपण मराठीत 'अर्ज' म्हणतो तो शब्दही तिकडूनच आलेला, त्याचा अर्थच मुळी विनवणी. दरखास्त लिहिणारा स्वतःला 'फिदवी' म्हणवून घेई, म्हणजे आपल्यावरून ओवाळून टाकलेला चाकर. ही विनवणी आपल्या हातातून अजून गेलेली नाही. 'मी खाली सही करणारी, आपणांस नम्र विनंती करते की, माझी परिस्थिती अत्यंत गरिबीची असून' अशी सुरुवात केलेले अर्ज आजही येतात. राजाच्या दारात ते ठीक होतं. आज कागद वाचणाऱ्याला आपली परिस्थिती नको असते, आपलं काम हवं असतं.

पण दरखास्त लिहून भागत नसे. सालारजंग पहिले 1853 मध्ये दिवाण झाले. कारभार सुधारायला त्यांनी बाहेरून, विशेषतः उत्तरेकडून, शिकलेली माणसं आणली. त्यातून मुलकी आणि गैरमुलकी हा वाद सुरू झाला. आमच्या मुलखातल्या नोकऱ्या आम्हाला, असं मुलकी म्हणत. अखेर 1919 मध्ये सातव्या निजामाने फर्मान काढलं आणि मुलकी कोण, हे नियमाने ठरलं. जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला मुलकी. बाहेरून येऊन किमान 15 वर्षं कायम राहिलेला, आणि परत जाण्याचा विचार सोडल्याचं प्रतिज्ञापत्र दिलेला, तोही मुलकी. सरकारी नोकरी हवी तर मुलकी प्रमाणपत्र हवं.

या नियमात बाई कुठे आहे? आहे, मुलकी पुरुषाची बायको म्हणून. बाहेरची मुलगी मुलकी पुरुषाशी लग्न करून आली की मुलकी झाली. आणि उलटही होतं. इथली मुलगी गैरमुलकी माणसाला दिली की तिचं मुलकीपण गेलं. नवरा वारला किंवा काडीमोड झाला आणि ती कायमची माहेरी परतली, तरच ते परत मिळे. आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना याचा अर्थ लगेच कळेल. राजुरा तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं आणि वर्धा नदीपलीकडचं चांदा इंग्रजांच्या मध्य प्रांतात. राजुऱ्याची मुलगी चांद्याला दिली की कागदावर परकी. शाळा इथे, भाषा तीच, नदीचं पाणीही तेच. पण 'कुठली' या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःला देता येत नव्हतं, ते तिच्या नवऱ्याच्या पत्त्यावरून ठरायचं.

संस्थान 1948 मध्ये भारतात आलं. बाहेरून अधिकारी, शिक्षक येऊ लागले. खोटी मुलकी प्रमाणपत्रं काढून लोक नोकरीला लागतात अशी तक्रार उठली. 1952 साली वारंगळपासून विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, सप्टेंबरात हैदराबादेत गोळीबार झाला, मुलं मेली. एका प्रमाणपत्रापायी मुलांनी जीव गमावला, हे नोकरीच्या कागदाला 'साधा कागद' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मग 1 नोव्हेंबर 1956. भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेलं. नांदेडकडचं मुधोळ, भैंसा इकडे आंध्रात आलं. तलमडुगु आदिलाबादसोबत आंध्र प्रदेशात राहिलं. घरात मराठी, बाजारात मराठी आणि तेलुगू, सरकारी कचेरीत तेलुगू. सोयरीक किनवटला, यवतमाळला. एका घरातल्या दोन बहिणी दोन राज्यांच्या झाल्या.

पुढची वीस वर्षं 'कुठली' हा प्रश्न न्यायालयात आणि रस्त्यावर गाजत राहिला. नोकरीसाठी रहिवासाची अट घालणारा 1957 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये तेलंगणापुरता रद्द केला. त्याच वर्षी तेलंगणात मोठं आंदोलन झालं. 1972 मध्ये त्याच न्यायालयाने जुने मुलकी नियम वैध ठरवले, तर आंध्रच्या बाजूने आंदोलन झालं. 1973 मध्ये सहा कलमी सूत्र आलं, घटनेत 371-ड हे कलम घातलं गेलं, आणि 18 ऑक्टोबर 1975 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने मुलकी हा शब्द जाऊन 'स्थानिक उमेदवार' आला. तेलंगण राज्य झाल्यावर 2018 मध्ये नवा आदेश निघाला. सरळ भरतीच्या 95 टक्के जागा स्थानिकांना. आदिलाबाद जिल्हा बासर झोनमध्ये. आणि स्थानिक म्हणजे कोण? पहिली ते सातवीतली किमान चार वर्षं ज्या जिल्ह्यात शिकली, त्या जिल्ह्याची.

इथे बायकांच्या दृष्टीने एक मोठा पालट झाला आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. तेव्हा सासर मोजत, आता शाळा मोजतात. तलमडुगूत शिकलेली मुलगी किनवटला दिली तरी आदिलाबादची स्थानिक राहते. तिचं लग्न तिच्या कागदाला हात लावत नाही. हे चांगलंच झालं. पण किनवटला शिकून तलमडुगूला सून म्हणून आलेली, पंधरा वर्षं इथे राहिलेली, रेशनकार्ड, मतदान सगळं इथलं असलेली बाई मात्र स्थानिक ठरत नाही. तिला उरलेल्या थोड्या खुल्या जागांवरच भिस्त ठेवावी लागते. 'लग्न करून आले म्हणजे मी इथलीच ना ताई?' असं विचारणाऱ्या सुनेला 1919 च्या नियमात 'हो' हे उत्तर मिळालं असतं. आजच्या नियमात 'नाही' मिळतं.

म्हणून या भागातल्या आयांनी एक गोष्ट आजच करावी. मुलीच्या पहिली ते सातवीच्या प्रत्येक वर्षाचा शाळेचा दाखला, बोनाफाईड, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह काढून ठेवावा. शाळा बंद पडतात, रजिस्टरं वाळवी खाते. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तेव्हा आपली शाळा आता कोणत्या जिल्ह्यात येते तेही पाहावं. नातेवाईकांकडे यवतमाळला शिकायला ठेवायची असेल तर जरूर ठेवावी, पण याचा पुढे नोकरीवर काय परिणाम होतो ते जाणून ठेवावी.

आता एक उदाहरण याच जिल्ह्यातलं, जिथे तिसरा प्रश्न विचारला गेला. 1940 मध्ये जोडेघाटला कोमराम भीम मारला गेला. त्यानंतर गोंडांची स्थिती समजून घ्यायला निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना नेमलं. त्यांनी मारलावई इथे गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र काढलं. मराठी इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते, त्यांनीही या जिल्ह्यात आदिवासींसाठी काम केलं, गोंडी शिकले, गोंडांवर पुस्तक लिहिलं. प्रश्न होता शिक्षक आणायचे कुठून. पदवी तर सोडाच, शाळेचं तोंड पाहिलेला गोंड दुर्मिळ. मग शोधली गेली ती थोडंफार मराठी वाचता येणारी गोंड माणसं. देवनागरी लिपी येत होती, गोंडी मातृभाषा होती. एवढ्या दोन गोष्टींवर त्यांना घेतलं, शिकवलं, आणि गोंडीची पहिली वाचनपुस्तकं देवनागरीत छापून त्यांच्या हातात दिली. प्रमाणपत्र मागितलं असतं तर एकही शिक्षक मिळाला नसता. 'तुला काय येतं?' असं विचारल्यावर मिळाले.

आपल्या समाजातही हा प्रश्न काही मोजक्या माणसांनी वेळेवर विचारला. शेठ माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई लहान वयात विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना शिकवलं, आणि त्यांनी श्राविकाश्रम काढून दुसऱ्या विधवांना शिकवलं. सोलापूरला पंडिता सुमतीबाई शहा यांनी ते काम वाढवलं. कोपऱ्यात बसवलेल्या बायका तिथे शिकून पुढे शिकवू लागल्या. 'कोणाची विधवा' हे त्यांच्या नावापुढचं वाक्य पुसलं गेलं आणि 'काय शिकवतात' हे आलं.

चांगला सीव्ही म्हणजे या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. सीव्ही हे नाव लॅटिनमधून आलं, त्याचा अर्थ जीवनाचा ओघ. पण सगळा ओघ सांगायचा नसतो. 1482 च्या सुमारास लिओनार्दो दा विंची याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला नोकरीसाठी पत्र लिहिलं. त्याचा मसुदा उपलब्ध आहे. जगातला एवढा मोठा चित्रकार, पण पत्रात क्रमाने काय लिहितो? मी हलके पूल बांधतो, वेढा घातल्यावर खंदकातलं पाणी काढतो, तोफा करतो, बोगदे खणतो. असे नऊ मुद्दे लढाईचे. दहाव्यात शांततेच्या काळातली कामं, इमारती आणि पाण्याचे कालवे. आणि चित्रं काढता येतात हे अगदी शेवटी. कारण स्फोर्झाला तेव्हा लढाईची चिंता होती. लिओनार्दोने स्वतःला काय आवडतं ते मागे ठेवलं आणि समोरच्याला काय हवं ते पुढे लिहिलं. खोटं काहीच लिहिलं नाही, फक्त क्रम लावला.

हे आपल्या घरात आणून पाहू. तलमडुगु, आदिलाबाद म्हणजे कापसाचा मुलूख. समजा, एखाद्या घरात कापसाची आडत आणि किराणा आहे. सुनेने बी.कॉम. केलं, लग्न झालं, बारा वर्षं नोकरी नाही. तिला विचारलं, काय केलंस इतकी वर्षं? ती म्हणते, "मी तं काहीच केलं नाही ताई, घरीच होती." मग हळूहळू निघतं. हंगामात रोज संध्याकाळी रोजमेळ तीच लिहिते. शेतकऱ्यांच्या उधारीचं खातं तिच्याकडे. जीएसटी आल्यापासून बिलं संगणकावर तीच काढते. पाठशाळेत दर रविवारी तीस मुलांना शिकवते. चातुर्मासात महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांची जेवणाची व्यवस्था, दिवसाला दीडशे पानं, सूर्यास्ताच्या आत उरकलेली.

'काहीच केलं नाही' म्हणणारीचा कागद असा होतो : कुटुंबाच्या कापूस व किराणा व्यवसायात बारा वर्षं हिशेबाचं काम, रोजमेळ, खातेवही, जीएसटी बिलं, इतक्या खातेदारांची उधारी. त्यापुढे : धार्मिक पाठशाळेत तीस मुलांचं साप्ताहिक अध्यापन, इतकी वर्षं. भाषा : मराठी, तेलुगू, हिंदी बोलणं-वाचणं, इंग्रजी वाचणं-लिहिणं. ही भाषेची ओळ आपल्या मुली शेवटी, लाजत लिहितात. सीमेवरच्या बँकेला, दवाखान्याला, जिनिंग कारखान्याला मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलणारी माणसं लागतात. सीमेने आपल्याला पुष्कळ त्रास दिला, पण ही एक गोष्ट फुकट दिली. ती वर लिहा.

बाकीचं थोडक्यात सांगते. खाजगी नोकरीचा कागद एक पानाचा, फार तर दोन. वर नाव, फोन, ईमेल. त्याखाली दोन ओळींत आपण काय काम करतो. मग कामाचा अनुभव, सगळ्यात अलीकडचं आधी. मग शिक्षण, मग भाषा आणि संगणकावरची कामं. जाहिरात समोर ठेवून लिहा. त्यांनी जे मागितलं आहे आणि तुमच्याकडे आहे, ते पहिल्या अर्ध्या पानात यायला हवं. प्रत्येक जागेसाठी तोच कागद पाठवू नका. 'मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ' हे शब्द सगळेच लिहितात, त्यांच्या जागी एक केलेलं काम लिहा. वडिलांचा व्यवसाय, उंची, लग्न, गोत्र, धर्म काढून टाका. 2014 पासून आपण देशपातळीवर अल्पसंख्याक आहोत. त्याचा दाखला शिष्यवृत्तीसाठी, सरकारी योजनेसाठी काढून ठेवा, पण सीव्हीत त्याची जागा नाही. मध्ये काही वर्षं मुलांसाठी, सासूबाईंच्या आजारपणासाठी घरी असाल तर एका ओळीत सरळ लिहा. रिकामी जागा वाचणाऱ्याच्या मनात जास्त शंका आणते. लिहून झालं की दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. आणि सरकारी अर्ज भरताना मात्र यातलं काही करू नका. तिथे छापील रकाना जे विचारतो तेच, तेवढंच, दाखल्यावर आहे त्याच स्पेलिंगने भरायचं. तिथे अजून 'कुठली' हाच पहिला प्रश्न आहे.

एक शेवटचं, आणि ते आपल्या धर्मातलं. कोणी सांगेल, अनुभव थोडा वाढवून लिही, कोण बघतं? संगणकाचा कोर्स केला नाही तरी लिही, सर्टिफिकेट आणून देतो. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यात एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं. तोंडाने खोटं बोलण्याहून वेगळा काढून तो नावानिशी सांगितला आहे. लेखी खोटं पुढे किती घरांत शिरतं हे त्या आचार्यांना ठाऊक असावं. 1952 चं आंदोलन खोट्या कागदांवरूनच भडकलं होतं. ज्याच्या खोट्या दाखल्याने नोकरी मिळाली, त्याने दुसऱ्या कोणाची तरी खरी जागा घेतली होती. आपल्याला काही वाढवून लिहायची गरजही नाही. ज्या बायकांनी बारा वर्षांचा रोजमेळ 'काहीच नाही' म्हणून सोडून दिला, त्यांच्या कागदात अजून तरी खोट्याची नाही, खऱ्याचीच कमतरता आहे.

तेव्हा या आठवड्यात एक कोरा कागद घ्या. नोकरी शोधत नसाल तरी घ्या. नाव लिहा, आणि खाली मागच्या दहा वर्षांत तुमच्या हातून जे काम झालं ते आकड्यांसह मांडा. किती माणसं, किती वर्षं, किती रुपयांचा हिशेब. मुलीलाही तसाच एक लिहायला बसवा. लग्नाचा बायोडेटा वेगळा ठेवा. त्यात ती कोणाची ते असू द्या. या दुसऱ्या कागदावर मात्र तिला काय येतं, तेवढंच.